डुक्कर, डिलाइट आणि पद्मिनी

मोटारींच्या व्यापारात ‘पिढी’ हा शब्द अलीकडे फार सढळपणे वापरला जातो. एखाद्या गाडीचे दिवे थोडे लांबट केले, पुढची जाळी रुंद केली आणि आत एक चकचकीत पडदा बसविला, की विक्रेता मोठ्या गांभीर्याने सांगतो, ‘साहेब, ही तिसरी पिढी.’ पाचसात वर्षांत तीही जुनी होते आणि चौथीच्या आगमनाची वार्ता येते. आमच्या सांबऱ्यास विमानतळ असल्यामुळे या नव्या पिढ्यांचे दर्शन आम्हांस रोज घडते. बेळगावहून मुतगे, निलजी ओलांडून येणाऱ्या रस्त्यावर चार दारांच्या, आखूड शेपटीच्या, आतून गारवा राखणाऱ्या गाड्यांची रीघ असते. त्या देखण्या आहेत, वेगवान आहेत. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि पिढी म्हणजे माणसांची, एवढेच आम्हांस आजवर ठाऊक होते. आमच्या घरातील एका मोटारीने माणसांच्या चार पिढ्या वाहिल्या. त्या अवधीत कारखान्याने तिच्या जातीला नावे पुष्कळ दिली. पिढ्या किती दिल्या, हा हिशेब मात्र मांडून पाहण्यासारखा आहे.

ही गाडी म्हणजे फियाट. तिचे मूळ इटलीत, तुरीन शहरी. १९५३ साली फियाट कंपनीने ‘अकराशे’ या नावाची नवी, गोलसर बांध्याची गाडी जगापुढे ठेवली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे, म्हणून अकराशे. त्यांच्या भाषेत ‘मिलेचेंतो’. युद्धातून सावरू पाहणाऱ्या इटलीतील डॉक्टर, कारकून, लहान दुकानदार अशा मध्यम वर्गासाठी ती होती. रविवारी बायकामुलांना घेऊन समुद्रावर जावे, आठवडाभर कामास न्यावी, असा तिचा बेत. चैन हा शब्द तिच्या जन्मपत्रिकेत नव्हता. तो तिला हिंदुस्थानात चिकटला.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी या देशात व्हाव्यात असा ध्यास घेतला होता. बंगळूरचा विमान कारखाना १९४० मध्ये आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी १९४१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. मोटारींसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईत कुर्ल्यास तिचा कारखाना झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास तेथे डॉज, प्लिमथ अशा भल्या दांडग्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी करार झाला, आणि वालचंदांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, मिलेचेंतो कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. तिचे फुगीर नाक आणि मागे उतरत गेलेली गोल पाठ पाहून लोकांनी तिला तत्काळ नाव दिले, ‘डुक्कर फियाट’. कंपनीने पुढे सिलेक्ट, एलिगंट, सुपर सिलेक्ट अशी भारदस्त इंग्रजी नावे दिली; पण लोकांनी ठेवलेले नाव शेवटपर्यंत डुक्करच राहिले. आज पुण्यामुंबईचे हौशी लोक त्या गाडीसाठी भरपूर पैसे मोजतात, आणि तेही तिला आदरपूर्वक डुक्करच म्हणतात.

इटलीतील मध्यमवर्गीयांची ही गाडी आपल्याकडे चैनीची कशी झाली? एक कारण सरळ आहे: गाड्या थोड्या आणि मागणारे फार. परवान्याच्या राज्यात कारखान्याने किती गाड्या काढाव्यात हे सरकार ठरवी, आणि मोटार ही चैनीची वस्तू असल्यामुळे तिच्यासाठी पोलाद व परकीय चलन सढळ हाताने देणे सरकारला योग्य वाटत नसे. कलकत्त्याजवळची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट, एवढ्यांतूनच निवड. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. मुलीचे लग्न ठरले तरी बापाने नोंदविलेल्या गाडीचा क्रमांक लागलेला नसे.

ती पंतप्रधानांनाही सहज परवडणारी नव्हती, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यावयाचे ठरविले. किंमत सुमारे बारा हजार रुपये. जवळ तेवढी रक्कम नव्हती, म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज शिल्लकच होते. ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. योगायोग असा, की कुर्ल्याचा तो कारखाना ज्या रस्त्यावर होता त्या जुन्या आग्रा रोडला पुढे शास्त्रीजींचेच नाव देण्यात आले.

शास्त्रीजींनी फियाट घेतली त्याच वर्षी ‘डिलाइट’ अवतरली. डुकराची गोलाई गेली. छप्पर सपाट झाले, मागे दोन्ही बाजूंना लहानसे पंख उमटले, आणि गाडीला काना-कोपरा आला. कुर्ल्याच्या फियाटमध्ये डोळ्यांना दिसेल असा खरा पिढीबदल झाला तो हा, आणि आमच्या मते हाच एक.

आमच्या घरी आलेली डिलाइट १९६६ ची. पहिले मालक निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी. त्या काळी आमच्या सीमाभागात गाडी म्हटली की ती निपाणीच्या पेढीवर, बेळगावच्या वकिलाकडे किंवा डॉक्टरांकडे असावयाची. शेतकऱ्याच्या दारी ती दिसली तर लोक कोणी आजारी आहे काय म्हणून चौकशीस येत. आमच्या आप्पांनी ती १९७१ मध्ये जुनी म्हणून घेतली, तरी गावात पेढे वाटले. रंग फिका निळा. पुढे सलग बाक, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली; त्यामुळे पुढे तिघे ऐसपैस आणि मागे मावतील तेवढे. पुढची दारे मागच्या कडेस बिजागऱ्या असलेली, म्हणजे घराच्या दाराउलट उघडणारी. ही दारे धावत्या गाडीत चुकून उघडली तर वाऱ्याने सताड होत, म्हणून जगभर ती पद्धत पुढे टाकून देण्यात आली, आणि ते योग्यच झाले. पण आमची आजी नऊवारीत होती. तिला त्या दारातून पाठमोरे होऊन थेट बाकावर टेकता येई आणि मग पाय आत घेता येत. ‘ह्या गाडीला माणसाची रीत कळते,’ असे ती म्हणे. नव्या गाडीत बसताना आमच्या घरच्या वृद्धांना डोके वाकवून, एक पाय आत, एक बाहेर अशी कसरत करावी लागते, तेव्हा आजीचे म्हणणे आम्हांस आठवते.

आंबोलीचा घाट हा त्या गाडीच्या परीक्षेचा दिवस. सावंतवाडीहून परतताना निम्म्या चढावर इंजिन तापे, पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी दम टाकून उभी राही. मग पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळावयाचे, बॉनेट उघडे टाकावयाचे आणि डब्यातल्या दशम्या सोडावयाच्या. दशम्या संपेपर्यंत गाडी निवे. हे ओले फडके आमच्या गाडीत पाना-पकडीइतकेच कायम असे. आजच्या वाहनशास्त्राच्या दृष्टीने हा दोषच; आम्ही त्याला प्रवासाचा भाग मानीत होतो.

आता पुढचा हिशेब. इटलीत फियाटने अकराशेची ही मालिका १९६९ मध्ये थांबविली आणि तिच्या जागी पुढची चाके ओढणारी, सर्वस्वी नवी ‘१२८’ आणली. तेथे पिढी बदलली ती अशी. येथे कुर्ल्यास १९७२ च्या सुमारास फियाटशी असलेला करार संपला. गाडी तीच राहिली, नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले. दोनएक वर्षांत, १९७४ मध्ये, तेही बदलून चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ ठेवले. आता नाव पूर्ण आपले झाले. पुढची जाळी बदलली, दारे नेहमीच्या पद्धतीने उघडू लागली, बाकाचे कापड बदलले; अगदी उतरत्या काळात गिअरचा दांडा जमिनीवर आला आणि डिझेलचेही इंजिन मिळू लागले. पण ज्या गाडीला सारे जग पद्मिनी म्हणून ओळखते तिचे पेट्रोल इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचेच, आणि अंगकाठी तीच साठीच्या दशकातली. ज्या बांध्याची गाडी इटलीने १९६९ मध्ये निरोप देऊन मोकळी केली, ती आपण २००० सालाच्या आसपासपर्यंत नवी म्हणून विकत घेत होतो.

जुन्या गाडीवरील प्रेमापोटी पुष्कळ लोक या गोष्टीचे कौतुक करतात. ‘पाहा, कशी टिकाऊ!’ असे म्हणतात. आम्हांस ते कौतुक अर्धेच पटते. गाडी टिकली, कारण दुसरी मिळत नव्हती. बाजार बंद होता, स्पर्धा नव्हती. कारखान्याने बदल केला नाही तरी नोंदवहीतली रांग हटत नव्हती, आणि केला तर पोलाद व परवाना यांचा प्रश्न होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल भडकले, तेव्हा तर मोटार घेणाराच थोडा झाला. नवा विचार करण्याचे कोणाला कारण उरले नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि लोकांना एकाएकी कळले, की थंडीतही गाडी सहज सुरू होऊ शकते. कुर्ल्याने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही नवी गाडी काढून उत्तर दिले. तिचे इंजिन निसानचे आणि चांगले होते. बांधा मात्र फियाटच्या १९६६ सालच्या ‘१२४’ चा. नवी पिढी जन्मतःच एकोणीस वर्षांची होती.

मग या जवळजवळ चाळीस वर्षांत गाडीत सुधारणा झालीच नाही काय? झाली, पण ती कारखान्यात नव्हे, रस्त्याकाठी झाली. हे आम्ही बेळगावकर म्हणून थोड्या अभिमानाने सांगू शकतो. येथील उद्यमबागेत ओतशाळा आहेत, कातारीवर लोखंड फिरविणारे हात आहेत; वाहनांचे ओतीव भाग येथून दूरदूर जातात. अशा गावात मिस्त्रीला भाग मिळाला नाही म्हणून गाडी पडून राहात नसे. कँपातले आमचे मिस्त्री आप्पांना सांगत, ‘मूळ भाग पाहिजे तर मुंबईला पत्र घाला आणि महिनाभर वाट बघा. नाहीतर उद्या संध्याकाळी या, मी लावून देतो.’ आप्पा उद्या संध्याकाळी जात. सिलिंडर पुन्हा कोरून घेतले, क्रँक घासून घेतला, मागचे पाटे जाड बसविले, कारण आमच्या रस्त्यांना आणि आमच्या पाहुण्यांना मूळचे पुरत नव्हते. बेळगावच्या पावसाने तळाचा पत्रा खाल्ला, तेव्हा चारी पायांखालची जमीन नव्याने झाळून घेतली. १९८८ मध्ये इंजिन अगदीच थकले. मिस्त्रींनी एका अपघातातील पद्मिनीचे इंजिन आणून आमच्या डिलाइटमध्ये उतरविले. ते एका दिवसात जागच्या जागी बसले. बावीस वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन गाड्या, आणि एकीचे काळीज दुसरीला चपखल! पिढ्यांचा आमचा हिशेब त्या दिवशी पुरा झाला. कंपनीची नावे किती का असेनात, गाडी एकच होती. म्हणूनच ती आप्पांनंतर आमच्या थोरल्या भावाकडे आणि त्याच्यानंतर पुतण्याकडे, काही न शिकविता, जात राहिली. आप्पांना ठाऊक असलेला प्रत्येक आवाज पुतण्यालाही ठाऊक होता.

मुंबईत तर ही गाडी काळ्या-पिवळ्या रंगाने साऱ्या शहराची झाली. बेळगावहून रात्रीच्या गाडीने दादरला उतरावे आणि समोर पद्मिनी उभी दिसावी, की परक्या शहरात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटे. तिच्या टपावर ट्रंका बांधून किती सीमावासी बिऱ्हाडे गिरगावात आणि परळात गेली असतील! मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २००३ च्या ऑक्टोबरात, ताडदेवच्या कार्यालयात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत भरली आणि रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले.

गंमत अशी की तिचे माप मात्र मागे राहिले. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने लहान गाड्यांना करात सवलत दिली: लांबी चार मीटरांच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० घनसेंटिमीटरांच्या आत. त्या सवलतीसाठी कारखान्यांनी लांब गाड्यांच्या शेपट्या कापून चार दारांची, डिकीची, आखूड गाडी घडविली. २०२५ च्या सप्टेंबरात कराची फेररचना झाली तेव्हाही लहान गाडीची मापे तीच राहिली. आमच्या डिलाइटची लांबी चार मीटरांहून किंचित कमी आणि इंजिन १०८९. म्हणजे तज्ज्ञांनी आकडेमोड करून जी गाडी काढली, ती आमच्या गोठ्याशेजारी पन्नास वर्षे उभीच होती! तथापि येथे साम्य संपते, आणि तेही सांगितले पाहिजे. आमच्या गाडीला कमरपट्टे नाहीत. हवेच्या पिशव्यांची तर बातच नको. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर ती कोणत्या दिशेस तोंड करील याचा भरवसा नसे. आज पुतण्याची सून तान्ह्या मुलाला घेऊन नव्या, आखूड शेपटीच्या गाडीतून बेळगावला दवाखान्यात जाते, तेव्हा ती डिलाइटमधून गेली असती तर बरे, असे आमच्यापैकी कोणी स्वप्नातही म्हणणार नाही. सुधारणा झाली ती खरी आहे. ती उशिरा झाली, एवढेच.

हा सगळा विचार आज करण्यास एक निमित्त झाले. जुन्या गाड्यांच्या फेरनोंदणीचे केंद्राने ठरविलेले शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींना ते दहा हजार झाले. आमच्या गाडीची मुदत भरत आली होती. घरात तीन मते पडली. एक मत, भंगारात द्यावी. जागा मोकळी होईल. दुसरे, मुंबईच्या एका चित्रपटवाल्यांकडून मागणी आहे, त्यांना द्यावी. तिसरे मत पुतण्याच्या मुलाचे. त्याने शोधून काढले की २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून मानाची वेगळी नोंदणी मिळते. घरात आनंद झाला. मग त्यानेच पुढचे कलम वाचून दाखविले: गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, सांगाडा, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही.

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. तळाचा पत्रा बेळगावचा, पाटे बेळगावचे, इंजिन पद्मिनीचे. जी गाडी निपाणीच्या पेढीवर आच्छादनाखाली तशीच उभी राहिली असती ती मानास पात्र ठरली असती. जी साठ वर्षे धावली, ती नाही. नियम करणाऱ्यांचा दोष नाही. जुनी वस्तू जशी होती तशी जपणे हेही काम आहे आणि ते कोणीतरी केलेच पाहिजे. पण आमच्या गाडीचे काम ते नव्हते. तिचे काम आम्हांला पोहोचविणे हे होते, आणि त्यासाठी तिने दर वेळी जे मिळाले ते अंगात घेतले. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या बोलण्यात कानडी शब्द आहेत, आमच्या जेवणात जोंधळ्याची भाकरी आहे आणि कोकणातला तांदूळही आहे. आमच्या मुलांची शाळा एका भाषेची, कचेरी दुसरीची. मूळ स्वरूपात काय राहिले म्हणून कोणी तपासावयास आले, तर आम्हांलाही तो दाखला मिळणे कठीण. तरी घरात आम्ही मराठी बोलतो, आणि गाडी फियाटच आहे.

शेवटी ठरले ते असे. मानाची नोंदणी नको. योग्यतेची तपासणी करून, शुल्क भरून, साधी मोटार म्हणूनच तिची मुदत पाच वर्षे वाढवून घ्यावी. ब्रेकचे काम प्रथम करावे. पुढच्या बाकाला कमरपट्टे बसवावेत. लहान मुलांना घेऊन तिने लांब जाऊ नये. महिन्यातून एकदा तिने सांबऱ्याहून बेळगावला जाऊन यावे, एवढे पुरे. पुतण्याच्या मुलाने तिचे काम शिकून घेण्याचे कबूल केले आहे. जुन्या मिस्त्रींचा नातू त्याला शिकविणार आहे.

गाडीची पाटी मात्र बदलावयाची नाही. तीवर ‘एमवाय’ ही अक्षरे आहेत, म्हणजे म्हैसूर. १९५६ मध्ये मुंबई राज्यातून आम्ही ज्या राज्यात गेलो त्याचे ते नाव. १९७३ च्या नोव्हेंबरात ते राज्य कर्नाटक झाले, १९८९ पासून नव्या गाड्यांना ‘केए’ अक्षरे आली, २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी झाले. गाडी नोंदली तेव्हा जी अक्षरे मिळाली ती तशीच आहेत. तिच्यात मूळचे म्हणून जे थोडे उरले आहे, त्यात ती एक.